पतंग आहेत किती आणि उडाले किती

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: काजूच्या बागेच्या कडेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला एक रात्र पांढरा पडदा आणि दिवा लावला. संध्याकाळी ७ पासून पहाटे ५ पर्यंत तासातासाला दिव्यावर आलेले पतंग (मॉथ) मोजले, सोबत तापमान आणि आर्द्रता टिपली. तापमान जास्त तेव्हा पतंग जास्त, हे जुळलं. पण आर्द्रता वाढली की पतंग घटताना दिसले. सगळीकडे तर दमट हवा पतंगांना मानवते असं वाचायला मिळतं. मग मोजणी चुकली का? आणि अहवालात लिहायचं काय?

मोजणी चुकलेली दिसत नाही. थंडीच्या दिवसांत गोव्यात कुणीही तासातासाला मोजलं तरी आकडे साधारण असेच येतील. गोंधळ आहे तो आर्द्रतेच्या टक्क्यांचा अर्थ लावण्यात, आणि त्याहून जास्त, पडद्यावरच्या आकड्याला परिसरातली संख्या समजण्यात. पडद्यावर दिसतो तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो: आसपास कोषातून बाहेर आलेले पतंग आहेत किती, आणि त्यांतला किती हिस्सा आज उडून दिव्याच्या टप्प्यात आला. आज रात्रीचं तापमान आणि आर्द्रता फक्त दुसऱ्या गोष्टीवर काम करतात. पहिली गोष्ट महिना-दीड महिना आधीच्या पावसाने, पालवीने आणि उकाड्याने ठरून गेलेली असते. हे दोन हिशेब एकत्र केले की नोंदी कितीही काटेकोर असोत, उत्तर विचित्रच येतं.

आधी टक्क्यांचं बघू. यंत्र दाखवतं ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, एवढंच ती सांगते. समजा डिसेंबरात संध्याकाळी ७ वाजता २६ अंश आणि ७० टक्के आहे. २६ अंशांना वाफेने पूर्ण भरलेल्या हवेचा बाष्पदाब सुमारे ३.३६ किलोपास्कल असतो. त्याचे ७० टक्के म्हणजे २.३५. पहाटे पारा २० वर उतरला. २० अंशांना पूर्ण भरलेल्या हवेचा बाष्पदाब २.३४. म्हणजे हवेत वाफ जराही न वाढता यंत्र ७० वरून १०० वर गेलं आणि पानांवर दव पडलं. तुमच्या वहीत ‘आर्द्रता वाढली’ अशी नोंद झाली, प्रत्यक्षात वाढला तो गारवा. त्यात गार रात्री बहुतेक पतंगांची वर्दळ पहिल्या प्रहरातच आटोपते. टक्के चढत जाणार आणि पतंग उतरत जाणार, हे त्या रात्रीपुरतं ठरलेलंच आहे. तापमानाचा एकच परिणाम तुम्ही दोन रकान्यांत मोजला आहे.

पतंगाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते हवा त्याच्या अंगातलं पाणी किती जोराने खेचते. तेवढ्याच टक्क्यांना गरम हवा कितीतरी जास्त पाणी खेचते. एप्रिलमधली ३४ अंशांची दुपार आणि जानेवारीतली १८ अंशांची रात्र घ्या, दोन्हीकडे आर्द्रता ५५ टक्के धरा. दुपारच्या हवेत भरायला सुमारे २.४ किलोपास्कलची जागा शिल्लक असते, रात्रीच्या हवेत ०.९ ची. टक्के तेच, पण कोरडेपणाचा जोर अडीच पटींपेक्षा जास्त. या शिल्लक जागेला बाष्पदाबातली तूट म्हणतात. तापमान आणि आर्द्रता या दोन आकड्यांतून ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये काढता येते. वहीतल्या टक्क्यांच्या रकान्याशेजारी हा एक रकाना वाढवा. मला विचाराल तर टक्क्यांचा रकाना नंतर बघायचीही गरज उरणार नाही.

ही तूट सगळ्यांना सारखी जाचत नाही. जीव जितका लहान तितकं त्याच्या आकारमानाच्या मानाने अंगाचं पृष्ठफळ जास्त, आणि पाणी तिथूनच जातं. म्हणून भाताच्या शेतातले बारीक, काडीसारखे क्रॅम्बिड पतंग कोरड्या रात्री बसून राहतात, तर जाडजूड हॉकमॉथ तितकीशी पर्वा करत नाही. तो फुलातला रस पिऊन पाणी भरून काढतो. ॲटलस आणि मून मॉथ यांची गोष्ट आणखी वेगळी. प्रौढ झाल्यावर त्यांना काम करणारं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आणि पाण्यावर जेमतेम आठवडाभर जगायचं आणि त्यातच जोडीदार शोधायचा. त्यांच्यासाठी दमट रात्र म्हणजे आयुष्यात भर पडलेले काही तास. सगळ्यात नाजूक मात्र अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या. कोरड्या वाऱ्यात त्या किती जगतात यावर पुढच्या महिन्याचा पडदा अवलंबून असतो. डिसेंबर-जानेवारीत घाटाकडून पूर्वेचा सुका वारा सुटतो, त्याचा हिशेब हवा तो इथे.

आता तापमान. पतंग थंड रक्ताचे हे खरं, पण उडायच्या आधी मोठे पतंग स्वतःला तापवून घेतात. हॉकमॉथ पडद्यावर बसल्या बसल्या पंख थरथरवताना तुम्ही पाहिला असेल. छातीचे स्नायू ३५ अंशांच्या वर गेल्याशिवाय त्या जड अंगाला हवेत उचलणं जमत नाही. रात्र गार असेल तर ही थरथर लांबते, इंधन जास्त जळतं. हलक्या अंगाचे, रुंद पंखांचे जिओमेट्रिड इतक्या तयारीशिवाय उडतात. म्हणून एकूण आकडा न बघता कुळानुसार आकडे बघितले तर तापमानाचा परिणाम कुठे तीव्र, कुठे नगण्य, हे लगेच उघडं पडतं. एकूण बेरजेत तो झाकून जातो.

तापमानाबद्दलचे बरेच शोधनिबंध युरोपातले आहेत. तिथे रात्र आठ-दहा अंशांची असते आणि दोन अंशांची ऊब म्हणजे उडणं की न उडणं एवढा फरक. आपल्याकडे पणजीत सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीतला फरकच चार-पाच अंशांच्या पलीकडे जात नाही. पावसाळ्यातली रात्र तर २४ अंशांच्या आसपास खिळलेली असते. जी गोष्ट फारशी हलतच नाही ती कशाचं कारण म्हणून दिसणार? किनारपट्टीवर वर्षभराच्या नोंदी घेऊन कुणी ‘तापमानाचा पतंगांशी संबंध नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो फक्त एवढंच सांगतो की तिथे तापमान पुरेसं बदललं नाही. सत्तरी, सांगे, केपे भागांत मात्र हिवाळी पहाट १६-१७ पर्यंत उतरते, आणि तिथे तापमान खरोखर अडसर बनतं. तुमच्या आकड्यांत तापमानाचा परिणाम दिसला याचं कारण तुमचं गाव आणि तुमचा हंगाम. पर्वरीत बसून तोच प्रयोग केला असता तर तो इतका ठळक दिसला नसता.

गार रात्रींचं आणखी एक आहे. थंडी वाढली की बऱ्याच जातींच्या माद्या नरांना बोलावणारा गंध नेहमीपेक्षा लवकर सोडू लागतात, म्हणजे सगळी लगबग संध्याकाळकडे सरकते. जानेवारीतले रात्री ९ आणि मार्चमधले रात्री ९ ही पतंगांच्या घड्याळात एकच वेळ नसते.

आर्द्रतेच्या खात्यावर जमा होणारं बरंच श्रेय प्रत्यक्षात ढगांचं असतं, हेही ध्यानात ठेवा. ढगाळ रात्री जमिनीची ऊब वर निसटत नाही आणि चांदणं अडतं. चांदण्यात दिव्याचं आकर्षण फिकं पडतं. पौर्णिमेच्या आसपास पडदा ओस दिसतो तो त्यामुळे, पतंग कमी झालेले नसतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवलं की कीटक दिव्याकडे सरळ झेपावत नाहीत. ते पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून ही सवय त्यांना आडवं, स्थिर ठेवते. जवळचा दिवा तीच सवय फसवतो आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. म्हणजे पडद्यावर येणारे बरेचसे दिव्याच्या जवळून सहज जाता जाता सापडलेले असतात. तेवढ्याने वाऱ्याचं महत्त्व समजतं: वारा सुटला की जवळून जाणारेच घटतात.

चोर्ला घाटात हे सगळं एकत्र बघायला मिळतं. सुमारे ८०० मीटर उंची, त्यामुळे खालच्या केरी-वाळपईपेक्षा चार-पाच अंश गार. तापमानाच्या नियमाने तिथे पतंग कमी यायला हवेत. पण जूनच्या सुरुवातीला धुक्यात बुडालेल्या, वारा नसलेल्या रात्री तिथला पडदा खालच्यापेक्षा भरलेला असतो. मला वाटतं यात जंगलाचा वाटा आर्द्रतेपेक्षा मोठा आहे. खाली काजूचा एकसुरी डोंगर, वर शेकडो जातींची झाडं, म्हणजे तितक्या जातींच्या अळ्यांना अन्न. दोन ठिकाणांची तुलना हवामानाच्या नावाखाली करताना झाडं वेगळी आहेत हे फार सहज विसरलं जातं.

आणि इथून खरा मुद्दा सुरू होतो, पतंग मुळात आहेत किती हा.

पतंगाचं आयुष्य म्हणजे मुख्यतः अळीचं आयुष्य, आणि अळीला कोवळं पान लागतं. जून झालेल्या, करकरीत पानात पाणी आणि नत्र कमी, चोथा जास्त. गोव्यात पालवीचे दोन-तीन मोसम असतात, पण मान्सूनपूर्व सरींनी आणि मिर्गाने (मृग नक्षत्राच्या पावसाने) उठवलेली पालवी सगळ्यांत मोठी. त्याच सरी जमिनीत दडलेल्या कोषांनाही जागं करतात. हॉकमॉथांच्या आणि नॉक्टुइड कुळातल्या कित्येक जाती मातीत कोष करतात आणि उन्हाळा तसाच काढतात. रोहिणीत चांगली सर झाली की पाठोपाठच्या रात्रींत पडदा अचानक भरतो. ही पिढी गेल्या पावसाळ्यानंतरच्या अळ्यांची. नव्या पावसाने ती फक्त बाहेर काढली. (याच रात्री पंखांच्या वाळव्याही येतात आणि मोजणीचा पार विचका करतात. दिवा तासभर उशिरा लावा, त्यांचा लोंढा तोवर ओसरतो.) या पतंगांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या मिर्ग-आर्द्रात पालवी खातात आणि आणखी तीन ते पाच आठवड्यांनी पुढची पिढी उडते.

सागाची पानं फस्त करणारी हिब्लिया पुएरा ही अळी याचं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं उदाहरण. केरळात निलंबूरच्या सागवनांत केरळ वन संशोधन संस्थेने तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. मान्सूनच्या आधी पडणाऱ्या सरींपाठोपाठ छोट्या छोट्या भागांत उद्रेक सुरू होतात आणि तिथून पसरतात. पिढी साधारण तीन आठवड्यांची, त्यामुळे बघता बघता डोंगर निष्पर्ण होतो. आपल्याकडेही सांगे-मोले बाजूच्या सागवनांत पावसाच्या तोंडाला ही अळी दिसते. सागाला अळी लागली त्या आठवड्यात दिव्यावरचे हिब्लिया मोजून त्या रात्रीच्या आर्द्रतेशी जोडण्यात काहीच अर्थ नाही. कारण तीन-चार आठवडे मागे घडून गेलेलं असतं.

तापमान या हिशेबात येतं ते वेग ठरवायला. प्रत्येक जातीची वाढ एका किमान तापमानाच्या वर सुरू होते आणि त्याच्या वरचा प्रत्येक अंश-दिवस (एक अंश जास्त, एक दिवसभर) जमा होत जातो. उदाहरणापुरतं धरा: किमान १० अंश आणि अंड्यापासून पतंगापर्यंत ४५० अंश-दिवस. सरासरी २६ असेल तर २८ दिवस, २३ असेल तर जवळपास ३५. तीन अंशांनी पिढी आठवडाभर पुढे-मागे होते आणि एका हंगामात एखादी पिढी कमी-जास्त होऊ शकते. पण याला वरूनही मर्यादा आहे. पस्तिशीच्या पुढे वाढ मंदावते, अंडी आणि कोष मरू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जांभा दगड तापतो तेव्हा तिथे वाढ होण्यापेक्षा जीव वाचवणं हाच उद्योग असतो.

मग भर पावसात, जुलैत, आर्द्रता नव्वदीच्या पुढे आणि पाला मुबलक असताना संख्या आभाळाला का भिडत नाही? एक तर कोसळत्या पावसात उडणंच अवघड. रिमझिम चालते, संध्याकाळी मोठी सर येऊन थांबली की ती रात्र उत्तमच. पण सलग झड लागली की पडद्यावर पाणीच जास्त. दुसरं म्हणजे ओल सतत राहिली की अळ्यांवर बुरशी चढते, विषाणूंच्या साथी पसरतात. पानाला चिकटून कडक झालेली, पांढरट-हिरवट बुरशी आलेली अळी पावसाळ्यात कुळागरात (पोफळीच्या बागेत) फिरणाऱ्या कुणालाही दिसते. मातीतले कोष पाणी साचून मरतात ते वेगळेच. म्हणजे आर्द्रता एका हाताने देते आणि ठरावीक पातळीनंतर दुसऱ्या हाताने काढून घेते. सहसंबंधाची सरळ रेषा ओढली तर हे वळण दिसत नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह साजरा होतो. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला तो उपक्रम तिकडच्या उन्हाळ्याला साजेसा आहे. आपल्या आषाढ-श्रावणात पडदा पडवीतच लावावा लागतो. साजरा जरूर करा, पण त्या आठवड्याच्या आकड्यांवरून गोव्यातल्या पतंगांचा अंदाज बांधू नका. माझ्या अनुभवात चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ कितीतरी उजवा. पाऊस उघडझाप करतो, पाला अजून ओला असतो, सड्यावर गवत माजलेलं असतं, रात्री अजून उबदार असतात. फक्त भातशेतीजवळ असाल तर सावध. सप्टेंबर-ऑक्टोबरात खोडकिड्याचे आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग तिथे पडदा व्यापून टाकतात, आणि त्यांचं वेळापत्रक हवामानापेक्षा लावणी-कापणी ठरवते. जिथे वायंगण (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेती होते तिथे हीच गर्दी उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा दिसते. हे आकडे वेगळे काढल्याशिवाय आर्द्रतेचं नावही घेऊ नका.

कोरड्या महिन्यांत पतंग जातात कुठे, याचं उत्तर बरंचसं कुळागरात आहे. पोफळी, केळी, मिरवेल, पाटाचं वाहतं पाणी आणि दाट सावली यांमुळे एप्रिलच्या दुपारीही तिथली हवा बाहेरच्या काजूच्या डोंगरापेक्षा गार आणि ओली राहते. मार्च-एप्रिलमध्ये एक पडदा कुळागरात आणि एक काजूत, एकाच रात्री, सारख्या दिव्याने लावून बघा. आर्द्रतेचा परिणाम बघायचा सगळ्यात चोख प्रयोग तोच, कारण चंद्र, ढग, पंचांग सगळं दोन्हीकडे एकच असतं. झाडं वेगळी आहेत हा आक्षेप इथेही उरतो. म्हणून आंबा, जाम, पेरू असं काहीतरी दोन्हीकडे असेल अशा जागा निवडा.

यंत्राबद्दल दोन शब्द. मर्क्युरीचा दिवा भट्टीसारखा तापतो, त्याच्याजवळचा सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही. पाच-सहा मीटर दूर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, छपराखाली पण उघड्या हवेत टांगा. स्वस्त आर्द्रतामापक एकदा दवाने भिजले की दिवसदिवस ९९ वर अडकून बसतात, आणि तुमच्या पहाटेच्या नोंदींत तेही झालं असण्याची शक्यता आहे. तपासणी घरीच करा: झाकणाच्या डब्यात बशीभर साधं मीठ, ओलं चिखलासारखं होईल एवढंच पाणी, वर यंत्र पाण्याला न लागता ठेवा आणि झाकण घट्ट लावून रात्रभर राहू द्या. २५ अंशांच्या आसपास ते ७५ टक्के दाखवायला हवं. जितकं जास्त दाखवेल तितकं नोंदींतून वजा करा, कमी दाखवलं तर मिळवा.

मोजणीत एक गोष्ट नक्की बदला. रात्री आठला येऊन बसलेला पतंग नऊला, दहाला, अकराला पुन्हा मोजला जातो. तासाला फक्त नवे आलेले मोजा, किंवा पडद्याचे चौकोन पाडून दर तासाला फोटो घ्या. पाली आणि भेक यांनी खाल्लेल्यांचा हिशेब लागणार नाही, तो कुणालाच लागत नाही. उजाडायच्या आत पडदा झाडून घ्या, नाहीतर कोतवाल आणि बुलबुल हे पक्षी तिथे रोजचा नाश्ता करायला शिकतात आणि तुमचा पडदाच तिथली संख्या घटवतो.

आता अहवाल. तासाच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याची एक रात्र म्हणजे सोळा-सतरा नोंदी, तासांनी गुणून दीडशे-दोनशे नव्हेत. प्रत्येक रात्रीचा ७ ते १० एवढाच तुकडा घेऊन रात्रीची रात्रीशी तुलना करा. रकाने ठेवा: त्या वेळचं सरासरी तापमान, बाष्पदाबातली तूट, चंद्राची कला आणि तो क्षितिजाच्या वर होता का, ढग, वारा, आणि मागच्या तीन ते सहा आठवड्यांतला पाऊस. हा शेवटचा रकाना तुमच्या नोंदींत बरंच काही सांगेल, कारण नोव्हेंबरात ऑक्टोबरच्या पावसाची पुण्याई शिल्लक असते आणि फेब्रुवारीत ती संपलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तापमान, ओल आणि पालवी सगळंच आपापल्या चालीने बदलत असतं. त्यामुळे महिना हा घटक न धरता काढलेला कुठलाही सहसंबंध फक्त ऋतू पुढे सरकला एवढंच सांगतो. आकडे मोजणीचे आहेत, दोन-तीन रात्री प्रचंड आणि बाकीच्या किरकोळ असणार. सरासरीवर विसंबू नका, निदान लॉगरिदम घेऊन मग आलेख काढा.

शीर्षकात ‘पतंगांची विपुलता’ लिहू नका. ‘हिवाळ्यात दिव्यावर येणाऱ्या पतंगांच्या हालचालीवर रात्रीच्या तापमानाचा परिणाम’ एवढं तुमचे आकडे नीट पेलतात. आर्द्रतेबद्दल या हंगामातून ठाम काही निघत नाही, तसं स्पष्ट लिहा. परीक्षकांना ते कमी वाटलं तर वरचं २६ अंशांचं आणि २० अंशांचं गणित त्यांच्यासमोर मांडा. आणि जमलं तर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत त्याच जागी पडदा लावत राहा: पहिल्या सरीआधी आणि नंतर. बाग तुमची आहे तोवर कुणाला विचारायला नको, पण म्हादई अभयारण्याच्या हद्दीत दिवा लावायचा विचार असेल तर वन खात्याची परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ जातो. अर्ज आत्ताच टाका.